गाडीतला फ्रिज पहाटे तीनला का बंद पडतो: आउटबॅकच्या लांब प्रवासातलं जुनं दुखणं

लक्षण असं असतं. घरी गॅरेजमध्ये भिंतीच्या प्लगवर फ्रिज आठवडाभर कुरकुर न करता चालतो. मेलबर्नहून पोर्ट ऑगस्टापर्यंतच्या डांबरी रस्त्यावरही काही होत नाही. मग आउटबॅकमध्ये, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या विरळ वस्तीच्या अंतर्भागात, साउथ ऑस्ट्रेलियातलं मॅरी गाव सोडून ऊडनाडाटा ट्रॅक या कच्च्या रस्त्याला लागावं, दोन मुक्काम व्हावेत, आणि तिसऱ्या सकाळी झाकण उघडलं तर दही आंबलेलं, कोथिंबीर काळी पडलेली, इडलीचं पीठ डब्याबाहेर आलेलं. फ्रिजच्या पडद्यावर एरर लुकलुकत असतो किंवा पडदाच काळा. इंजिन चालू केलं की हा पठ्ठ्या लगेच गुरगुरायला लागतो. संध्याकाळी तळ टाकला की पुन्हा तेच.

सप्टेंबरअखेरच्या शाळेच्या सुट्ट्या संपल्या की इथल्या मराठी मंडळींकडून ही तक्रार हमखास ऐकू येते. त्यावर सल्लाही ठरलेला: फ्रिज नवा घ्या, नाहीतर बॅटरी मोठी घ्या. दोन्ही महाग, आणि बहुतेक वेळा दोन्ही करूनही पुढच्या सहलीत फ्रिज बंद पडतोच. कारण फ्रिज बिघडलेलाच नसतो. त्याच्या प्लगपर्यंत जे व्होल्टेज पोचायला हवं ते पोचत नसतं. म्हणून शोध फ्रिजच्या प्लगपासून सुरू करून मागे मागे बॅटरीकडे, आणि तिथून अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज करणारं यंत्र) आणि सोलारकडे न्यायचा. उलट्या दिशेने गेलात तर खर्च आधी होतो आणि कारण शेवटी सापडतं.

फ्रिज स्वतःहून का बंद होतो

गाडीतल्या कॉम्प्रेसर फ्रिजला बॅटरीचं संरक्षण असतं. व्होल्टेज ठरावीक पातळीखाली गेलं की तो स्वतःला बंद करतो, सकाळी गाडी सुरू व्हायला बॅटरीत जीव उरावा म्हणून. बऱ्याच फ्रिजमध्ये याच्या तीन पायऱ्या असतात: लो, मीडियम, हाय. आकडे कंपनीगणिक बदलतात, पण हायवर तोडण्याची पातळी साधारण ११.८ व्होल्ट आणि लोवर दहाच्या किंचित वर असं धरून चाला. आपल्या फ्रिजचे नेमके आकडे पुस्तिकेत असतात, ते निघण्याआधी झाकणाच्या आतल्या बाजूला लिहून चिकटवावेत.

खरी गोम पुढे आहे. एकदा तोडलं की पुन्हा चालू व्हायला फ्रिजला तोडलं त्यापेक्षा बरंच जास्त व्होल्टेज लागतं. हायवर ते साडेबाराच्या पुढेही असू शकतं. इंजिन बंद ठेवून विसावलेली लेड-अ‍ॅसिड बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर सुमारे १२.७ दाखवते, अर्धी असेल तर १२.२. म्हणजे अर्ध्या बॅटरीवर फ्रिज एकदा बंद पडला की रात्रभर तो उठणारच नाही. सकाळी किल्ली फिरवली, अल्टरनेटरने व्होल्टेज चौदाकडे नेलं, की तो उठतो. म्हणून इंजिन लावल्यावर सगळं आलबेल दिसतं आणि माणूस निदान करायचं सोडून चहा टाकतो.

यातून पहिला, फुकटचा इलाज निघतो. फ्रिज वेगळ्या, दुसऱ्या बॅटरीवर चालत असेल आणि ती गाडी सुरू करणाऱ्या बॅटरीपासून इंजिन बंद झाल्यावर तुटत असेल, तर हायची गरज नाही. मीडियमवर आणा. दुसरी बॅटरी लिथियम असेल तर लोवर आणा, कारण तिच्या पोटातली बीएमएस, म्हणजे बॅटरी सांभाळणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा, तिचं रक्षण करायला बसलेली आहे. मात्र फ्रिज गाडीच्या मूळ बॅटरीवरच असेल तर हाय सोडू नका. कूबर पीडीपासून दूर कुठेतरी थंड पनीर आणि न सुरू होणारी गाडी, हा सौदा कुणाला परवडत नाही.

कंट्रोल बॉक्सवर छोटा एलईडी असेल तर तो काय सांगतो तेही बघा. सेकॉप, म्हणजे पूर्वीच्या डॅनफॉस, कॉम्प्रेसरवर चालणाऱ्या बऱ्याच फ्रिजमध्ये लुकलुकण्याची भाषा ठरलेली आहे. एकदा लुकलुकून थांबतो तेव्हा बॅटरी-संरक्षणाने तोडलं आहे. दोनदा म्हणजे पंखा जास्त करंट ओढतोय, तीनदा म्हणजे मोटार सुरूच होत नाहीये, चारदा म्हणजे सुरू झाली पण किमान वेग गाठू शकत नाही, आणि पाचदा म्हणजे कंट्रोल बॉक्स तापून बंद झाला आहे. आउटबॅकमध्ये दिसतात ते मुख्यतः एक आणि पाच. एक म्हणजे व्होल्टेज, पाच म्हणजे हवा. दोघांचे इलाज अगदी वेगळे आहेत, त्यामुळे मोजून घ्या.

तीन मापं, आणि ती फ्रिज चालू असतानाच

मल्टिमीटर हार्डवेअरच्या दुकानात वीस-तीस डॉलरला मिळतो. तो नसेल तर या प्रवासाला निघू नये असं मी म्हणेन.

पहिलं माप फ्रिजच्या प्लगपाशी घ्यायचं, कॉम्प्रेसर घरघरत असताना. हे सगळ्यात महत्त्वाचं आणि हेच बहुतेक जण चुकवतात. फ्रिज बंद पडल्यावर प्लगवर मीटर लावला तर १२.३ दिसतं आणि वाटतं, व्होल्टेज तर ठीक आहे, म्हणजे फ्रिजच खराब. पण करंट वाहत नसेल तर वायरमध्ये काहीच गळत नाही. केसासारख्या तारेतूनही मीटर पूर्ण व्होल्टेज दाखवेल. गळती दिसते ती फ्रिज चार-पाच अँपिअर ओढत असताना. म्हणून तापमान तात्पुरतं खाली सेट करून कॉम्प्रेसर सुरू करवा आणि मग मोजा. हल्लीच्या बऱ्याच फ्रिजच्या पडद्यावर किंवा फोनच्या अ‍ॅपवर आत येणारं व्होल्टेज दिसतं. ते एखाद-दोन दशांशाने इकडेतिकडे असू शकतं, पण कामाला पुरतं.

दुसरं माप त्याच क्षणी बॅटरीच्या टर्मिनलवर. दोन माणसं लागतात, एक मागे आणि एक बॉनेटपाशी, आणि आकडे ओरडून सांगायचे. दोन्हींतला फरक ०.३ व्होल्टच्या आत असेल तर वायरिंग बरं आहे. अर्ध्या व्होल्टच्या पुढे असेल तर दुखणं वायर, प्लग, फ्यूज किंवा अर्थिंगमध्ये आहे आणि बॅटरीला दोष देणं थांबवा. दोन्ही मापं सारखीच खाली असतील, दोन्हीकडे ११.७, तर वायर निर्दोष आणि बॅटरी उपाशी आहे. दोन्ही चांगली असूनही फ्रिज थंड करत नसेल तरच फ्रिजकडे वळा.

तिसरं माप बॅटरीवर, पण इंजिन अर्धा-पाऊण तास चालून गरम झाल्यावर आणि ते चालू असताना. दुसऱ्या बॅटरीवर तेव्हा चौदाच्या आसपास दिसायला हवं, लिथियमवर त्याहून थोडं जास्त. तेरालाही पोचत नसेल तर दिवसभर गाडी चालवूनही बॅटरी भरत नाहीये. याकडे पुढे येतो.

प्लग आणि वायर: इथेच बहुतेक केसेस संपतात

गाडीच्या मागच्या बाजूला कंपनीने दिलेलं सिगारेट-लायटरचं सॉकेट फोन चार्ज करण्यासाठी ठीक आहे. फ्रिजसाठी ते नाही. प्लग आत स्प्रिंगच्या दाबावर उभा असतो आणि ऊडनाडाटा ट्रॅक म्हणजे मॅरी ते मार्ला सुमारे ६२० किलोमीटर, बहुतांश कच्चा. कॉरुगेशनवर, त्या पन्हाळी पत्र्यासारख्या आडव्या लाटांवर, प्लग क्षणाक्षणाला सुटतो आणि जोडला जातो. प्रत्येक वेळी बारीक ठिणगी, त्यातून काळा थर, थरातून उष्णता, उष्णतेने प्लास्टिक मऊ. प्लग काढून त्याचं टोक बघा: तपकिरी झालं असेल किंवा हाताला चटका बसत असेल तर निदान झालं. कधी टोकाची गोल टोपी खडखडाटाने आटे सुटून सैल झालेली असते. आतला छोटा फ्यूज तिच्यामागेच असतो. ती घट्ट केल्यावर फ्रिज चालू लागलेला मी बघितला आहे. पण ही मलमपट्टी झाली. ५० अँपिअरचा करडा अँडरसन प्लग, म्हणजे एकमेकांत घट्ट अडकणारी जोडणी, लावून टाका. ऑस्ट्रेलियात तो प्रत्येक ऑटो दुकानात मिळतो, आणि तुमचा तुटला तर शेजारच्या कॅम्पवाल्याकडेही जास्तीचा असतो.

वायरचं गणित एकदाच समजून घेतलं की पुरतं. बॉनेटखालच्या बॅटरीपासून मागच्या फ्रिजपर्यंत वायर सहा मीटर धरा, म्हणजे जाऊन-येऊन बारा. आता इथल्या दुकानातला एक सापळा. ‘४ एमएम’ म्हणून विकली जाणारी ऑटो केबल म्हणजे ४ चौरस मिलिमीटर तांबं नव्हे. तो आकडा प्लास्टिकसकट बाहेरच्या जाडीचा असतो. आत तांबं असतं जेमतेम १.८४ चौरस मिलिमीटर. ‘६ एमएम’मध्ये सुमारे ४.६. भारतात वायर आपण नेहमी चौरस मिलिमीटरवर घेतो, त्यामुळे आपली माणसं इथे हमखास फसतात. त्या ‘४ एमएम’मधून पाच अँपिअर ओढले की बारा मीटरमध्ये अर्ध्या व्होल्टहून थोडं जास्तच गळतं. बॅटरीवर १२.३ असेल तर फ्रिजला ११.७ पोचले. हाय सेटिंगवर तो तोडणारच, आणि बॅटरीत निम्मी वीज शिल्लक असताना तोडणार. तीच लांबी ८ बीअँडएस (केबलच्या जाडीचं एक माप) केबलने केली, जिच्यात सुमारे ८ चौरस मिलिमीटर तांबं असतं, तर गळती ०.१३ व्होल्टवर येते. फरक काही डॉलरचा आहे. मोठ्या बॅटरीचा फरक शेकडो डॉलरचा.

नवी वायर ओढताना फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ हवा, म्हणजे मध्ये कुठे वायर घासून उघडी पडली तर आग लागण्याआधी फ्यूज जाईल. आणि इथे एक स्वस्तातला खलनायक भेटतो: आपोआप जोडला जाणारा छोटा सर्किट ब्रेकर. तो उष्णतेवरच चालतो. बॉनेटखाली दुपारच्या उन्हात तो आधीच इतका तापलेला असतो की कमी करंटलाही तुटतो, गार झाला की जोडतो, पुन्हा तुटतो. फ्रिज दुपारी दोन ते पाचमध्येच बंद-चालू होत असेल आणि संध्याकाळी नीट चालत असेल तर आधी याच्यावर संशय घ्या. त्याजागी बोल्टने आवळायचा मिडी फ्यूज लावा.

अर्थिंगचा बोल्ट रंगावर आवळलेला असतो, हा आणखी एक नेहमीचा प्रकार. रंग खरवडून उघड्या पत्र्यावर आवळा, नाहीतर निगेटिव्ह वायरही थेट बॅटरीपर्यंत न्या. मी दुसऱ्या पर्यायाच्या बाजूचा आहे. आणि फ्रिज स्लाइडवर असेल तर वायरची घडी नीट बघा. आमच्या ओळखीतल्या एका घराचा फ्रिज स्लाइड बाहेर ओढली की चालायचा आणि आत ढकलली की बंद. दरवेळी तपासायला स्लाइड ओढायचे, त्यामुळे दरवेळी सगळं ठीक दिसायचं. आतली तार स्लाइडच्या कडेला रोज दुमडून तुटली होती, वरचं प्लास्टिक शाबूत होतं.

बॅटरी उपाशी का राहते

वायर निर्दोष ठरली तर प्रश्न आहे आवक-जावकचा. ४५ लिटरचा फ्रिज मेलबर्नच्या वीस अंशांत सरासरी एक अँपिअरवर भागवतो, म्हणजे दिवसाला पंचवीसेक अँपिअर-तास. तोच फ्रिज बंद गाडीत, चाळिशीच्या उन्हात, सरासरी अडीचवर जातो. दिवसाचे साठ झाले. फ्रीझर म्हणून उणे पंधरावर चालवलात तर त्याच्याही पुढे. आणि १०० अँपिअर-तासांची एजीएम (लेड-अ‍ॅसिडचाच एक प्रकार) बॅटरी निम्म्याच्या खाली नेऊ नये म्हणतात, म्हणजे हातात पन्नास. घरी हिशोब जमत होता आणि इथे जमत नाही, त्याचं कारण एवढंच आहे.

आवकेच्या बाजूला पहिला संशयित अल्टरनेटर. गेल्या दहा-पंधरा वर्षांतल्या बऱ्याच गाड्यांत तो ‘स्मार्ट’ असतो: मूळ बॅटरी भरली की इंधन वाचवायला व्होल्टेज साडेबाराच्या आसपास उतरवतो. जुन्या पद्धतीचा आयसोलेटर, जो साधारण १३.३ ला दोन बॅटऱ्या जोडतो आणि १२.८ च्या आसपास तोडतो, तो अशा गाडीत सकाळी दहा मिनिटं जोडतो आणि मग दिवसभर तोडून बसतो. तुम्ही मॅरीहून विल्यम क्रीकपर्यंतचे दोनशे किलोमीटर चालवता आणि दुसरी बॅटरी होती तिथेच राहते. अशा गाडीला डीसी-डीसी चार्जर लागतो, म्हणजे अल्टरनेटरचं कमी व्होल्टेज घेऊन दुसऱ्या बॅटरीला हवं तेवढं देणारा. दुसरा मार्ग नाही. आणि चार्जर असूनही हीच तक्रार असेल तर त्याची इग्निशनची वायर बघा. काही चार्जरमध्ये ती निळी असते. ती जोडलेली नसेल तर चार्जर उतरलेलं व्होल्टेज बघून समजतो की इंजिन बंद आहे, आणि झोपतो. बसवणाऱ्याने ही एक वायर टेप गुंडाळून तशीच सोडलेली असणं आश्चर्यकारकरीत्या नेहमीचं आहे.

चार्जर कुठे बसवलाय तेही महत्त्वाचं. बॉनेटखाली टर्बोच्या शेजारी असेल तर तापल्यावर तो स्वतःच आपला करंट कमी करतो. २५ अँपिअर विकत घेतले, दुपारी मिळतात त्याहून बरेच कमी. बॅटरीचंही तसंच. लेड-अ‍ॅसिडच्या बाबतीत २५ अंशांच्या वर दर दहा अंशांना आयुष्य निम्मं होतं हा जुना ठोकताळा आहे, आणि लिथियम बॅटरीची बीएमएस तर एका मर्यादेपुढे चार्ज घेणंच बंद करते. दोघांनाही मागे, माणसं बसतात त्या भागात ठेवा. लिथियमवाल्यांनी एक उलटी गोष्टही ध्यानात ठेवायची: जून-जुलैत वाळवंटातली पहाट शून्याला टेकते आणि शून्याखाली लिथियम चार्ज करायची नसते. चांगली बीएमएस सकाळी चार्ज नाकारेल. ऊन वर आलं की घेईल. तो बिघाड समजू नका.

आता सोलार. इथे आपल्या माणसांचा एक हमखास घोटाळा होतो: पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून मांडतात. पुण्या-नाशकाच्या गच्चीवर तेच बरोबर होतं. इथे सूर्य उत्तरेच्या बाजूने जातो. मॅरीच्या अक्षांशावर जूनमध्ये भर दुपारी तो क्षितिजापासून जेमतेम सदतीस अंश वर असतो. म्हणजे टपावर सपाट झोपलेल्या पॅनेलला, उत्तरेकडे नीट कललेल्या पॅनेलच्या साठ टक्केच ऊन लागतं, तेही दुपारी बाराला. दक्षिणेकडे कललेलं असेल तर विचारूच नका. दिवस दहा तासांचा, सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो आणि सव्वासातच्या आसपास उगवतो. चौदा तास फ्रिज निव्वळ साठ्यावर काढायचा असतो, वर कॅम्पचे दिवे आणि मुलांचे फोन. पहाटे तीनला फ्रिज का पडतो याचं उत्तर या चौदा तासांत आहे.

ऑक्टोबरमध्ये ऊन वरून येतं आणि दिवसही लांब असतो, पण तेव्हा पॅनेल तापतं. २५ अंशांच्या वर दर अंशाला साधारण ०.४ टक्के उत्पादन घटतं. पॅनेलचा पृष्ठभाग सत्तरला गेला की अठराएक टक्के गेलेच. टपाला चिकटून बसवलेलं पॅनेल खालून हवा नसल्यामुळे जास्त तापतं. जेरीकॅनची, गाडीला लावलेल्या कापडी छताच्या नळीची, अँटेनाची एक पट्टीभर सावलीही उत्पादन बरंच खाली आणते. आणि लाल धूळ: रोज संध्याकाळी कोरड्या फडक्याने पुसायची, पाण्याची चैन इथे नाही.

यातून कॅम्पवर एक पेच उभा राहतो. कावर्ड स्प्रिंग्जसारख्या जागी दोन दिवस राहायचं ठरतं, कोमट पाण्याचं डुंबायचं कुंड आहे, झाडं आहेत, गाडी सावलीत लावावी असं कुणालाही वाटतं. गाडी सावलीत म्हणजे फ्रिज खूश आणि टपावरचं सोलार मेलेलं. गाडी उन्हात म्हणजे सोलार खूश आणि फ्रिज भट्टीत. आणि दोन दिवस गाडी हलणार नाही, म्हणजे अल्टरनेटरही नाही. माझा कौल गाडी सावलीत, आणि दहा मीटर जाड वायर असलेलं घडीचं पॅनेल उन्हात, दिवसातून तीनदा फिरवायचं. त्यासाठी मुलांना कामाला लावावं. सोलार रेग्युलेटर मात्र बॅटरीच्या टोकाला हवा, पॅनेलच्या पाठीवर नको. नाहीतर तो लांब वायरमधल्या गळतीने फसतो आणि बॅटरी भरली समजून लवकर हात आखडता घेतो.

आणि खरंच फ्रिजचा दोष असेल तेव्हा

दोष म्हणजे तरी काय, बहुतेक वेळा त्याचा श्वास कोंडलेला असतो. कॉम्प्रेसर जिकडे आहे तिकडच्या जाळीतून गरम हवा बाहेर पडायला हवी, आणि तिकडेच आपण झोपायच्या पिशव्या, चटया, रात्री काढलेले स्वेटर कोंबतो. एलईडी पाचदा लुकलुकतो तो इथे. चारही बाजूंनी हाताच्या पंज्याएवढी जागा मोकळी ठेवा आणि ती सामान सरकून बुजणार नाही अशी पट्टी बांधा. इन्सुलेशनचं कव्हर चढवलं असेल तर त्याची जाळीपुढची झडप उघडी आहे ना ते बघा. जाळीमागच्या कंडेन्सरच्या पात्यांत लाल धूळ भरते; फ्रिज बंद करून रंगाच्या मऊ ब्रशने झाडायची, दर तीन-चार दिवसांनी. मागच्या काचांना आतून चंदेरी पडदे लावा. ऊडनाडाटाला २ जानेवारी १९६० रोजी ५०.७ अंश नोंदले गेले होते. तसल्या दिवसांत कुणी सहलीला जात नाही, पण चाळिशीतल्या दुपारीसुद्धा काचा बंद असलेली गाडी आतून साठीला पोचते.

भरण्याची पद्धतही कॉम्प्रेसरला दमवते. निघायच्या आदल्या रात्री घरच्या विजेवर फ्रिज चालवून आतलं सगळं गार करून घ्यायचं, हे बहुतेकांना माहीत असतं. पण मग मिल्ड्युराकडून स्टर्ट हायवेने साउथ ऑस्ट्रेलियात शिरताना यम्बाच्या तपासणी नाक्यावर फळमाशीच्या नियमांपायी फळं काढून द्यावी लागतात आणि पोर्ट ऑगस्टाला सुपरमार्केटमधून रिकाम्या जागेत कोमट पाण्याच्या बाटल्या, ज्यूसचे खोके, कॅनचा अख्खा ट्रे भरला जातो. पुढचे आठ-दहा तास कॉम्प्रेसर थांबतच नाही. असं कोमट सामान सकाळी गाडी चालू असताना भरावं, तळावर पोचल्यावर संध्याकाळी कधीच नाही. इडलीचं पीठ न्यायचंच असेल तर आंबून झाल्यावर आणि घरी गार करून. कोमट पीठ म्हणजे फ्रिजला काम आणि वर उद्या साफसफाई. रात्रीचं उरलेलं गरम वरण झाकून तसंच आत ठेवणं हा प्रकारही बंद.

आणि तापमान. दुधा-दह्यासाठी तीन-चार अंश पुरतात. भीतीपोटी एकवर ठेवलेला फ्रिज रात्रभर जास्त धावतो आणि पालेभाजीही गोठवतो. दुपारी गाडी चालू असताना दोनवर आणायचं, आतलं सामान थंडगार करून घ्यायचं आणि रात्री पाचवर सोडायचं. मांस नसेल तर ही युक्ती बॅटरीचे बरेच अँपिअर वाचवते.

वाटेतच अडकलात तर

विल्यम क्रीक आणि ऊडनाडाटाच्या मध्ये पुन्हा सुमारे दोनशे किलोमीटर आहेत, दुकान नाही, फोनला रेंज नाही. तिथे कामाला येते ती एक थेट वायर: एका टोकाला फ्रिजला जोडायचा प्लग, मध्ये फ्यूज, दुसऱ्या टोकाला बॅटरीला लावायचे चिमटे, आणि तांबं जाड. गाडीचं सगळं वायरिंग बाजूला ठेवून फ्रिज एक रात्र दुसऱ्या बॅटरीवर थेट चालवा. नीट चालला तर दोष वायरिंगचा हे सिद्ध झालं आणि तोवर अन्नही वाचलं. हिच्यासोबत दोन अँडरसन प्लग, मूठभर फ्यूज, क्रिम्प करायची पक्कड आणि काही मीटर ८ बीअँडएस केबल. टायरची हवा कच्च्यावर लागल्यावर उतरवा, गाडीच्या वजनाप्रमाणे २८ पीएसआयच्या आसपास, आणि वेग आवरा. खडखडाट कमी झाला की वर सांगितलेल्या निम्म्या गोष्टी सैल होणंच थांबतं.

फ्रिज रात्री कधी बंद पडला ते कळत नाही, आणि निर्णय त्यावरच असतो. दहाएक डॉलरचा, कमाल-किमान तापमान लक्षात ठेवणारा थर्मामीटर आत ठेवा. ऑस्ट्रेलियातला अन्नसुरक्षेचा नियम सोपा आहे: लवकर नासणारं अन्न पाच अंशांच्या वर एकूण दोन तासांपेक्षा कमी राहिलं असेल तर पुन्हा थंड करून चालतं, दोन ते चार तास झाले असतील तर लगेच खाऊन संपवा, चारच्या पुढे गेलं की टाकून द्या. मटण-चिकनच्या बाबतीत वासावर विसंबू नका. लोणचं, चटण्या, तूप, खाकरे यांना यातलं काही लागू नाही, म्हणून एक दिवसाचं जेवण नेहमी फ्रिजशिवायचं बाळगावं.

घरात कुणी इन्शुलिन घेत असेल तर ते या फ्रिजच्या भरवशावर सोडू नका. न उघडलेलं इन्शुलिन दोन ते आठ अंशांत ठेवायचं असतं आणि गोठलं तर फेकावं लागतं, आणि गाडीचा फ्रिज तळाशी सहज शून्याखाली जातो. त्यामुळे ते वरच्या टोपलीत, भिंतीपासून दूर, कापडात गुंडाळून ठेवा. चालू असलेलं पेन कॅम्पवर वेगळ्या थंड पाउचमध्ये, सावलीत. आणि साठ्याचा अर्धा भाग सोबतच्या दुसऱ्या गाडीच्या फ्रिजमध्ये असू द्या. एकटीच गाडी असेल तर लहान एस्कीत, म्हणजे बर्फाच्या पेटीत. बर्फाच्या पिशव्या रोडहाउसवर मिळतात, फक्त इन्शुलिन थेट बर्फावर ठेवायचं नाही.